फळीचं टोक

"पट्टा राहिला, साहेब," असं म्हणत त्या माणसाने आपणच पुढे होऊन निरीक्षकाच्या हनुवटीखाली हेल्मेटचा चाप अडकवला, आणि बोटं गळ्याला लागली तेव्हा तो दचकला. बोटं गार होती, सिमेंटने कातरलेली, आणि एका अंगठ्याला नख नव्हतं. पण दचकला तो बोटांनी नाही, आवाजाने. "साहेब" म्हणताना शेवटी तो आवाज खाली बसला होता, जगावर उपकार करून दमल्यासारखा. हा आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, चौकशीच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून, फार तर पाव तास. तेवढा पाव तास तो पुढे हजार वेळा ऐकत आला होता. दाढी करताना, बायको बोलत असताना, मुलीच्या शाळेतल्या सभेत. त्याने मान वर केली. माणूस उंच होता, आता पोक आलेला, खांद्यांवरून सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. आत वाळू चाळणाऱ्या दोघींपैकी एक दुसरीला हळूच म्हणाली, "ओळंबा आज इस्त्री करून आलाय बघ." म्हणजे नावही तेच. भिंत सरळ चढते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. त्या काळीही मजूर त्याला मागून हेच म्हणत. तेव्हा तो मुकादम होता, आज साइटचा इन्चार्ज. छातीवर ओळखपत्र, पायात नवे बूट, आणि तोंडावर ओळखीची एक रेघ नाही. असायचं कारणही नव्हतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे त्या दिवशी बघितलं होतं कुणी?

तो कामगारांच्या सुरक्षेचा निरीक्षक होता, चोवीस वर्षं. ऑफिसात त्याच्यामागे त्याला काय काय म्हणत ते त्याला माहीत होतं. साइटवर गेला की तो चहा घेत नसे, खुर्चीत बसत नसे, आणि हातातल्या वहीत जे दिसेल ते वेळेसकट टिपून ठेवी. घरी तर विचारायला नको. "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की गॅलरीच्या कठड्याशी?" असं बायको पाहुण्यांसमोर विचारायची, कारण कुणाच्याही घरी गेला तरी तो आधी कठडा हलवून बघायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. हे सगळं कर्तव्यदक्षतेतून आलेलं आहे असं त्याच्या निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी म्हणणार, हेही त्याला ठाऊक होतं. खरं म्हणजे ही नोकरी त्याने धरली ती एका माणसाला गाठण्यासाठी. पहिली काही वर्षं तो प्रत्येक साइटवर आधी मुकादमाचं तोंड बघायचा, मग परांची बघायचा. पुढे पुढे तोंड बघायची सवय सुटली, परांची बघायची राहिली. त्याला वाटायला लागलं होतं की तो माणूस मेला असेल. आपल्या हातून न मरता मेला असेल याचाच काय तो राग उरला होता.

दादा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. सेंट्रिंगचं काम करायचा. म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा साचा करायचा आणि तो टेकूंवर उभा ठेवायचा. स्लॅब पक्का व्हायला तीन आठवडे लागतात, तोवर टेकूंना हात लावायचा नाही, हे दादा त्याला जेवताना ताटातल्या चमच्यांनी दाखवायचा. अकराव्या दिवशी टेकू निघाले, कारण वरच्या मजल्याला टेकू कमी पडत होते आणि मुकादमाला घाई होती. स्लॅब खाली आला. दादा आणि आणखी दोघे. चौकशीत मुकादम म्हणाला, "पोराने आपणहून टेकू काढले. मी नको म्हणत होतो." आणि त्या वेळचा निरीक्षक, जो दोनच दिवसांपूर्वी येऊन सगळं ठीक असल्याचं लिहून गेला होता, त्यानेही ते मुकाट्याने उतरवून घेतलं. अहवालात एक रकाना असतो: कामगाराचा दोष असल्यास. तिथे त्याने "होय" लिहिलं. झालं, प्रकरण मिटलं. दादा नुसता मेला नाही, दोघांना मारून मेला. त्या दोघांच्या बायका रोज सकाळी त्यांच्या दारासमोर येऊन बसायच्या. शिव्या नाही, रडणं नाही. नुसत्या बसायच्या, आणि ऊन चढलं की उठून जायच्या. पाचव्या दिवशी आई बाहेर गेली. त्याने खिडकीतून बघितलं. आईने दोघींच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. आपल्या पोराने न केलेल्या गुन्ह्याची. ती परत आत आली, हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसली. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने मनात त्या माणसाला किती परींनी खाली पाडलं होतं याची मोजदाद नव्हती.

आणि आता तो माणूस दोन पावलं पुढे चालत साइट दाखवत होता. "इकडून साहेब, सांभाळून. इथं ओलं आहे." जाळ्या पहिल्या मजल्यापासून ताणून बांधलेल्या, गाठी सारख्या, टोकं आत वळवलेली. लिफ्टच्या खड्ड्याला छातीपर्यंत कठडा. विजेच्या बोर्डाला झाकण, झाकणाला कुलूप. प्रथमोपचाराची पेटी उघडायला लावली तर औषधांच्या मुदतीसुद्धा पुढच्या वर्षाच्या. नव्या सुनेच्या स्वयंपाकात खोट काढायला बसलेल्या सासूसारखी त्याची अवस्था झाली. तो वाकून बघत होता, हलवून बघत होता, हातोडीने ठोकून बघत होता, आणि प्रत्येक ठिकाणी ओळंबा समाधानाने मान हलवत होता. "आमच्याकडे सगळं नियमानं, साहेब. माणसाच्या जिवापुढे काय आहे?" हे ऐकून त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस वाईटच असायला हवा होता. गचाळ, बेफिकीर, तोंडात तंबाखू, पायात चपला. त्याऐवजी हा म्हातारा एका मजुराला थांबवून त्याच्या बुटांची नाडी बांधायला लावत होता. सुधारला असेल? सुधारला असेल तर कुणाच्या जिवावर सुधारला? चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत वहीची चार पानं "समाधानकारक" या एका शब्दाने भरली होती, आणि तो शब्द लिहिताना दर वेळी त्याची पेनावरची पकड घट्ट होत होती. शेवटी त्याने ओळंब्याला पाण्याच्या टाकीचे तपासणीचे कागद आणायला खाली पिटाळलं. कागदांची गरज नव्हती. थोडा वेळ तो आवाज कानापासून लांब हवा होता.

पाचव्या मजल्यावर खिडक्या बसायच्या होत्या, नुसती भोकं होती. एका भोकातून त्याने बाहेर डोकं काढलं. बाहेर पाइपांची परांची, तिच्यावर एका ओळीत फळ्या, आणि हाताच्या अंतरावर एक गवंडी भिंतीला गिलावा करत होता. चाळिशीचा, जाड मिशांचा, कमरेला पट्टा, पट्ट्याचा हूक डोक्यावरच्या आडव्या दोराला. सगळं नियमानं. आणि मग त्याची नजर कोपऱ्यावर गेली. कोपऱ्याजवळची शेवटची फळी पुढे सरकवलेली होती, कोपऱ्यापर्यंत हात पोचावा म्हणून. सरकवल्यामुळे तिचं अलीकडचं टोक पाइपाच्या चांगलं अलीकडे यायला हवं, ते पाइपावर जेमतेम दोन बोटं टेकलं होतं, आणि पलीकडचं टोक पुढच्या पाइपाच्या बाहेर हातभर अधांतरी गेलं होतं. फळीला तार बांधलेली नव्हती. अधांतरी टोकावर पाय पडला की फळी उलटणार. आणि नेमका तिथेच डोक्यावरचा दोर संपत होता. कोपऱ्याला वळसा घालून दुसरा दोर सुरू व्हायच्या आत हूक काढून दोन पावलं मोकळं चालावं लागणार होतं. त्याच्या अंगातून एक गरम शिरशिरी गेली. भीती नव्हती ती. बाजारात हरवलेली वस्तू अचानक दुसऱ्याच्या हातात दिसावी आणि ती आपलीच आहे हे ओळखावं, तसा आनंद होता.

गवंड्याने मान वळवली. त्याने साहेबाकडे बघितलं, साहेबाच्या नजरेमागे जाऊन फळीकडे बघितलं, आणि पुन्हा साहेबाकडे. थापी धरलेला हात कपाळाला लावून त्याने सलाम केला. निरीक्षकाने मान हलवली, चोवीस वर्षं सलामांना हलवत आला होता तशी. मग डोकं आत घेतलं, वहीत वेळ टिपली, अकरा दहा, आणि पुढे काही लिहिलं नाही. आता "अहो, ती फळी बांधा" असं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत तार आली असती. दोष दिसला, सांगितला, समोर दुरुस्त झाला, की अहवालात एक ओळ आणि फाइल बंद, नियमच तसा. ओळंबा म्हणाला असता, "बघितलंत साहेब, आमच्याकडे सांगायचा अवकाश." खटला उभा राहतो तो फोटोवर. दोषासकट, त्यावर माणूस असताना, तारीख-वेळ उमटलेला ऑफिसच्या कॅमेऱ्यातला फोटो. मोबाइलचा फोटो कोर्टात मागे एकदा आपटला होता. कॅमेरा खाली गाडीत होता. गवंड्याचा कोपऱ्यापर्यंत दोन हात गिलावा बाकी होता. तेवढ्याला अर्धा तास तरी लागेल असा हिशेब त्याने केला. असे हिशेब त्याला चांगले जमत.

तो जिना उतरायला लागला, घाई न करता, कारण घाईने उतरणारा निरीक्षक दिसला की सगळी साइट सावध होते. जिन्याला अजून कठडा नव्हता, तात्पुरते पाइप होते, नीट घट्ट. चौथा मजला. ओळंब्याला काय होईल? काम बंद, नोटीस, कोर्ट. या वयात कोर्टाचे खेटे घालताना त्याचे गुडघे दुखतील. बाहेर बाकावर बसून राहील, नाव पुकारायची वाट बघत. त्याची बायको असेल, ती विचारेल काय झालं, तो सांगेल, "पोराने आपणहून." नाही, या वेळी ते चालणार नाही. या वेळी फोटो असेल. दादाचा एकच फोटो घरात होता, ओळखपत्राचा, कानाकडची बाजू शिक्क्याने निळी झालेली. आईने तो कधी भिंतीवर लावू दिला नाही. "त्या दोघींच्या घरी लावलेत, आपण नको," एवढंच म्हणाली होती. ती मेली तेव्हा तो फोटो तिच्या उशीच्या अभ्र्यात सापडला, घडी पडलेला. तिसरा मजला. कोर्टात उभं राहून एकदाच सांगायचं, मी त्याचा भाऊ. एवढ्यासाठी थांबलो होतो. तेवढ्यात बाहेर कुठेतरी वरून खाली काहीतरी जड पडलं. धप्प. त्याचे पाय जागीच थांबले. आणि त्या एका क्षणात, अजून भीती यायची होती, अजून श्वास घ्यायचा होता, त्याआधी त्याच्या मनात शब्द उमटला: झालं. सुटल्यासारखा, काम फत्ते झाल्यासारखा. फोटोपेक्षाही मोठा पुरावा. मग खालून कुणीतरी ओरडलं, "गोण्या हळू टाका रे, फुटतायत," आणि त्याला कळलं की सिमेंटच्या गोण्या उतरवताहेत. त्याने पाइप धरला. आपल्याला काय वाटलं ते त्याने नीट ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. दोन बायका दारासमोर बसलेल्या त्याला दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी तिसरी, तिला तोंड नव्हतं. परत वर जावं. आता, याच पायरीवरून. तो तसाच उभा राहिला, आणि मग खालीच गेला. गाडीतून कॅमेरा घेतला, ड्रायव्हर काहीतरी विचारत होता त्याला उत्तर दिलं नाही, आणि परत वर निघाला तेव्हा मात्र दोन दोन पायऱ्या गाळत निघाला. फोटोसाठी की माणसासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. दम लागला होता, ते एक बरं होतं.

भोकाशी पोचला तेव्हा गवंडी कोपऱ्याजवळच होता. हिशेब चुकला होता; माणूस हाताचा जलद होता. त्याने कॅमेरा वर केला. चौकटीत सगळं आलं: फळी, तिचं दोन बोटं टेकलेलं टोक, संपलेला दोर, आणि हूक काढणारा गवंड्याचा हात. असा फोटो नोकरीत एकदा मिळतो. त्याने आधी बटण दाबलं आणि मग हाक मारली. "थांबा. पाय टाकू नका."

पाय पडलाच होता. फळीचं अलीकडचं टोक वर उचललं गेलं, गवंड्याने अंग मागे फेकलं आणि दोन्ही हातांनी उभा पाइप कवटाळला. थापी निसटली, खाली खाली वाजत गेली आणि कुठेतरी जाळीत अडकली. तो भोकातून कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि त्याने गवंड्याचा पट्टा मुठीत धरला. मागून धावत्या पावलांचा आवाज आला, ओळंब्याचे लांब हात त्याच्या डोक्यावरून पुढे गेले, आणि दोघांनी मिळून गवंड्याला आत ओढलं. तिघेही ओल्या जमिनीवर बसले. ओळंब्याच्या हातातले टाकीचे कागद सगळीकडे पसरले होते. गवंडी आपल्या तळहातांकडे बघत होता, कातडी सोलवटली होती. मग तो हसला, भीतीनंतर माणसं हसतात तसा.

"वाचलो," तो म्हणाला. "मी म्हटलं साहेब बघून गेलेत, म्हणजे काही हरकत नसणार."

"काय?" ओळंब्याने विचारलं.

"मघाशी साहेब आले होते ना इथं. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली. मला सकाळपासून धाकधूक होती त्या फळीची. मी थांबणारच होतो तारेसाठी. पण म्हटलं, साहेबांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना चालते तर आपल्याला काय धाड भरली?" तो हे तक्रारीने बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यात विश्वास होता, अजूनही.

"तार," निरीक्षक कसाबसा म्हणाला. "तार का नव्हती?"

"मागितली होती की. स्टोअरवाला म्हणाला, आज साहेब यायचेत, सगळी तार खालच्या जाळ्या बांधायला गेली. यांनीच सांगितलं तसं." गवंड्याने ओळंब्याकडे हनुवटी केली.

म्हणजे खाली जाळ्यांच्या ज्या गाठी बघून तो मनातल्या मनात चरफडला होता, त्या इथल्याच तारेच्या. त्याच्यासाठी. ओळंबा उठला, गुडघे झटकले, आणि कागद गोळा करता करता अगदी शांतपणे म्हणाला, "याने फळी आपणहून सरकवली, साहेब. मी नको म्हणत होतो."

अठ्ठावीस वर्षं त्याने त्या वाक्याची वाट बघितली होती असंच म्हणायचं. तो उठून उभा राहिला, अगदी जवळ गेला. "हे वाक्य तुम्ही याआधी म्हणाला आहात," तो म्हणाला. "स्लॅब पडला होता. टेकू अकराव्या दिवशी काढले होते. तीन माणसं मेली होती."

ओळंब्याने कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखरच आठवत होता. पोरगा हिशेबाचं उत्तर शोधतो तसा वर बघत होता. "कुठल्या साइटवर, साहेब?" त्याने विचारलं.

त्याने हात उचलला असता. उचललाही असेल, थोडासा. पण त्या तोंडावर लबाडी नव्हती, नुसती मदत करायची इच्छा होती, आणि तिच्यावर हात कुठे मारायचा ते कळेना. ज्याला गाठण्यासाठी आयुष्य घालवलं त्याच्या लेखी दादा नव्हताच, आई नव्हती, दारासमोरच्या बायका नव्हत्या. अनेक साइट होत्या.

ओळंब्याने त्याला कोपरापाशी धरून बाजूला नेलं. आवाज आणखी खाली आला. "साहेब, हे बघा. हा बाहेर जाऊन सांगणार, साहेब बघून गेले म्हणून. तुम्हालाच त्रास. याची चूक लिहून टाका. मी याला उद्या दुसरीकडे पाठवतो. तुम्ही मोकळे, मी मोकळा. मी सांगेन, खालून दिसण्यासारखं नव्हतं." त्या वेळच्या निरीक्षकालाही असंच कोपरापाशी धरलं असणार. त्याचं तोंड कधीच आठवलं नव्हतं. सगळा राग या एका माणसावर खर्च झाला होता, त्या निरीक्षकाच्या वाट्याला कधी काही आलंच नव्हतं. आता त्याला ते तोंड बघायला आरसाही लागणार नव्हता. एक शब्द लिहायचा होता. फोटोतली वेळ अकरा अठ्ठावीस. अकरा दहा फक्त वहीत होती, आणि वही त्याचीच होती. पान फाडलं तर कुणाला कळणार नव्हतं. गवंडी भिंतीला टेकून बसला होता आणि रुमालाने तळहात बांधत होता. तो दोघांकडे बघत होता. आपल्याबद्दल काय चाललंय हे त्याला कळलं होतं. त्याच्या तोंडावरचा विश्वास आता हळूहळू उतरत होता.

निरीक्षकाने कोपर सोडवून घेतलं. सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीवर अहवालाचा कागद ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. फळी बांधलेली नव्हती; तार साइट इन्चार्जच्या सांगण्यावरून अन्यत्र वापरली. दोष दिसल्याची वेळ: अकरा दहा. काम थांबवल्याची वेळ: अकरा अठ्ठावीस. मधल्या वेळात सूचना दिली का? तिथे त्याने लिहिलं: नाही. कामगार तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या भरवशावर पुढे गेला. अक्षर त्याचंच होतं, नेहमीसारखं, सरळ. कामगाराचा दोष असल्यास, या रकान्यापाशी तो थांबला, आणि गवंड्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो रकाना त्याने वाचला, आणि मग लिहिलं, "नाही."

ओळंबा त्याच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा श्वास कानाला लागत होता.

"साहेब, या वेळा लिहिल्यात तर तुम्हीसुद्धा जाल," तो म्हणाला.

"हो. तुमच्याबरोबर," निरीक्षक म्हणाला, आणि पेन त्याच्या हातात दिलं. "इथं सही करा."